कुठला लॅपटॉप वाजला?

एकदा एका तालुक्याच्या गावात हौशी नाटकवाल्यांची मंडळी होती, आणि त्या मंडळीत गुरुशिष्यांची एक जोडी होती. नाटकातला गुरू म्हटलं की आपल्याला गाणं नाहीतर अभिनय शिकवणारा आठवतो. हे गुरू आवाजांचे. पाऊस, मोटार, दाराची कडी, रडणारं मूल, असले सगळे आवाज विंगेत बसून नेमक्या क्षणी देणं, यात त्यांचं आयुष्य गेलं. लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणत. वयोमानाने हाताला कंप सुटला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा विंगेतली ती खुर्ची त्यांनी आपणहून शिष्याला दिली.

शिष्य पस्तिशीचा, पतसंस्थेत नोकरीला. माणूस सज्जन, पण जात्याच काळजीखोर. घराला कुलूप लावून निघाला तर कोपऱ्यावरून परत येणार आणि कुलूप ओढून बघणार. सगळ्या गल्लीला ते ठाऊक. मास्तर जे आवाज हाताने काढत, ते आता लॅपटॉपमध्ये भरून ठेवलेले असत. शिष्याने फक्त कळ दाबायची. सोपं काम. पण सोप्या कामात चूक झाली की ती लपवायला जागा नसते, हेही खरं.

त्या वर्षी मंडळीचं नाटक स्पर्धेत उतरलं. नाटकात एक म्हातारी आई आहे. मुलगा परमुलखात, त्याचा फोन येईल म्हणून ती दुसरा अंकभर फोनजवळ बसून असते. शेवटी तिचा धीर सुटतो. आपणच फोन लावावा म्हणून ती हात पुढे करते, आणि हात पोचायच्या आत घंटा वाजते. बस, एवढंच. पण सगळं नाटक त्या एका घंटेवर उभं. आईचं काम कुमुदताई करायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बोलायला गोड, आणि रंगमंचावर गेल्या की अशा बसायच्या की बघणाऱ्याला आपापली आई आठवावी.

पहिल्या फेरीत काय झालं, तर ताईंनी हात पुढे केला आणि घंटा वाजलीच नाही. हात पोचला. रिसीव्हर उचलला गेला, कानाला लागला, ताई कशाबशा "बाळा?" म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे घंटा खणखणली! कानाला धरलेला फोन वाजतोय म्हटल्यावर लोक काय करणार? आधी एक जण फिस्सकन हसला, मग अख्खं थिएटर हसलं. ताई तशाच बसून राहिल्या, रिसीव्हर कानाला लावून.

पडदा पडल्यावर शिष्याच्या तोंडून निघून गेलं, "लॅपटॉप अडकला."

सगळ्यांना पटलं. लॅपटॉप जुनाच होता. ताई रंग पुसत म्हणाल्या, "असू दे रे मकरंद." बाकीचं नाटक चांगलं झालेलं असल्यामुळे मंडळी अंतिम फेरीत गेली, पेढे वाटले गेले. शिष्याने पेढा खिशात टाकला.

अंतिम फेरी पंधरवड्यावर आली होती. शिष्याने मेहुण्याकडून नवाकोरा लॅपटॉप मागून आणला आणि जुना-नवा शेजारी ठेवून दोघांची तुलना मांडली. त्याचीही एक रीत असते. बेंचमार्क म्हणतात तिला. दोन्ही यंत्रांना एकच अवघड काम द्यायचं, आणि कोणी किती वेगाने उरकलं त्याचा शेवटी आकडा येतो. जुन्याच्या मानाने नव्याचा आकडा तिप्पट आला. शिष्याला क्षणभर गार वाटलं. बघा, म्हणजे दोष जुन्याचाच! पण काळजी करणाऱ्याचं मन एका आकड्यावर कुठलं थांबतंय. पुन्हा घेतली चाचणी, तर आकडा किंचित वेगळा. खिडकी उघडून घेतली, तर आणखी वेगळा. चार्जर काढून घेतली, तर नव्याचा आकडा एकदम निम्म्यावर घसरला, आणि शिष्याने घाईने चार्जर परत खोचला.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुमच्या त्या दोघांची परीक्षा संपली असेल तर जेवायला या."

"एकदाच अजून."

"पोराच्या परीक्षेला कधी एवढे बसला नाहीत!"

दुसऱ्या दिवशी दोन्ही लॅपटॉप पिशवीत घालून तो बाजारपेठेतल्या दुकानदाराकडे गेला. दुकानदार जुना व्यापारी, गिऱ्हाईकाचं तोंड बघून माल दाखवणारा. शिष्याने आकडे सांगितले, चार्जर काढल्यावर काय झालं तेही सांगितलं.

"यात बिघाड नाही ना, शेठ?"

"बिघाड कसला? बॅटरीवर यंत्र जपून चालतं. चार्जर लावून ठेवायचा."

"आणि तिथे ऐन वेळी वीज गेली तर?"

"अहो, वीज गेली तर तुमचं नाटकच थांबेल की!" दुकानदार हसला. मग नव्या लॅपटॉपवर हात फिरवत म्हणाला, "झकास आहे हा. पण यावर करायचंय काय? सिनेमे जोडायचेत? नकाशे काढायचेत?"

"एक घंटा वाजवायची आहे. टेलिफोनची."

दुकानदाराने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "साहेब, त्याला तुमच्या खिशातला मोबाइलसुद्धा पुरतो. आणि हा जुनाही ठणठणीत आहे."

कुणालाही ऐकून हायसं वाटावं असं हे बोलणं. पण शिष्याचा चेहरा पडला. जुना ठणठणीत असेल, तर मग त्या दिवशी अडकलं काय? हा प्रश्न त्याच्या दारापर्यंत आला, आणि त्याने तो उंबऱ्यावरूनच परत पाठवला. घाईघाईने पिशवी उचलली आणि तडक मास्तरांचं घर गाठलं.

मास्तर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. शिष्याने सगळं सांगितलं. नवा, जुना, चार्जर, तिप्पट, निम्मा. मास्तरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "बरं, त्या लॅपटॉपच्या पडद्यावर तुला काय दिसतं रे घंटेच्या वेळी?"

"आवाजांची नावं दिसतात. खाली वेळ पळत असते. पुढचा आवाज तयार आहे की नाही, तेही कळतं."

"म्हणजे तू ते बघत असतोस."

"बघावंच लागतं ना मास्तर. नाहीतर चूक व्हायची."

मास्तरांनी दोन शेंगदाणे त्याच्या तळहातावर ठेवले. "उद्या सकाळी तालमीला दोन्ही घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात तालीम लागली. मास्तर आले, आणि त्यांनी जे काही केलं ते बघून मंडळी चकितच झाली. दोन्ही लॅपटॉप त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडायला लावले. दोन्हींत घंटेचा आवाज तयार ठेवायला लावला. मग शिष्याला बाहेर पाठवलं, बाकीच्यांना पाठ फिरवायला लावली, आणि एका नटाच्या कानात सांगून स्पीकरची वायर दोहोंपैकी एकाला जोडून घेतली. दुसऱ्याचा आवाज पार बंद. आणि सेटवरच्या खाटेची चादर ओढून आणून दोन्ही यंत्रांवर घातली. पडदे झाकले, कळा झाकल्या, वायर झाकली.

"मास्तर, जादूचे प्रयोग लावलेत का?" कुणीतरी विचारलं.

"तिकीट काढून बस," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी शिष्याला आत बोलावलं. "हात चादरीखाली घाल. डावा जुन्यावर, उजवा नव्यावर. लांब कळ सापडली का दोन्हीकडची? हं. वेळ आली की दोन्ही एकदम दाबायच्या. वायर कुठल्याला जोडली आहे ते विचारायचं नाही."

"पण मास्तर, मला दिसणार काय?"

"समोर कुमुद आहे. ती दिसेल."

आंधळ्याच्या हातात दिवा देऊन काय उपयोग, इथे तर डोळसाच्या हातातला दिवाच काढून घेतला. हाताखाली दोन यंत्रं, पण वेळ किती झाली ते कळेना, आवाज तयार आहे की गेला ते कळेना. नजर सवयीने खाली जाई आणि चादरीवरच्या निळ्या फुलांवर आपटून परत येई. बघायला दुसरं काही उरलंच नाही, तेव्हा त्याने मान वर केली.

समोर कुमुदताई बसल्या होत्या. इतक्या तालमी झाल्या, प्रयोग झाले, पण या जागेला त्या काय करतात ते शिष्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने पाहिलं, की ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळतात आणि सोडवतात, गुंडाळतात आणि सोडवतात. मग बोटं थांबली. खांदा जरासा वर आला. श्वास आत गेला तो आतच राहिला. हात अजून उठलाही नव्हता, पण आता तो उठणार हे शिष्याला लख्ख दिसलं. हात उठला, पुढे आला, आणि शिष्याची दोन्ही बोटं खाली गेली.

घंटा वाजली. ताईंचा हात फोनच्या वीतभर अलीकडे थबकला.

सभागृहात कुणी हललं नाही. दाराशी उभा असलेला शाळेचा शिपाई, ज्याला नाटकाशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यानेही हातातली किल्ली वाजू दिली नाही.

मास्तरांनी त्याला पुन्हा बाहेर पाठवलं, वायर काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावून घेतली, आणि तोच प्रसंग पुन्हा करवला. पुन्हा घंटा तशीच, तिथेच वाजली.

"आता सांग. आधी कुठला वाजला, आणि नंतर कुठला?"

शिष्य म्हणाला, "ओळखू येत नाही." मास्तरांनी मंडळींकडे पाहिलं. दोघांनी अंदाज सांगितले, एकाने जुना म्हटलं, दुसऱ्याने नवा, आणि दोघांत जुंपली. मास्तरांनी हातानेच त्यांना थांबवलं आणि ते शिष्याशेजारी बसले. आवाज मुद्दाम खाली आणून बोलले.

"मकरंद, तुझे आकडे खोटे नाहीत. नवं यंत्र वेगवान आहे, त्याचा मान त्याला द्यावा. पण परीक्षा फक्त विचारलेल्याचं उत्तर देते. तू यंत्रांना वेग विचारलास, त्यांनी वेग सांगितला. आपल्या कामात वेग लागतोच किती? आपलं काम वाट बघण्याचं. पंचेचाळीस मिनिटं वाट बघायची आणि एका श्वासाला जागं असायचं. तो श्वास पडद्यावर उमटत नाही, तो तिच्यापाशी असतो. आणि दुसरं सांगू? तुला आकडा नकोच होता. तुला साक्षीदार हवा होता. जुन्याच्या विरुद्ध साक्ष देईल असा. म्हणून एकदा मोजून तुझं समाधान होईना. खरी माहिती हवी असते ना, तेव्हा माणूस एकदा-दोनदा मोजतो आणि कामाला लागतो."

शिष्याने मान खाली घातली. छातीवरचा इतक्या दिवसांचा धोंडा हलला, पण हलताना दुखलाच. तो उठला आणि ताईंपाशी गेला.

"ताई, त्या दिवशी लॅपटॉप अडकला नव्हता. मी वेळेच्या आकड्याकडे बघत होतो. तुमचा हात गेलेला मला दिसलाच नाही. आणि लोक हसले ते तुम्हाला."

कुमुदताई पदराचं टोक सोडवत म्हणाल्या, "ठाऊक आहे मला."

"ठाऊक होतं?"

"अरे, मी हात किती हळू नेला त्या दिवशी! निम्म्या वाटेत पार थांबवून धरला. म्हटलं, हा आत्ता बघेल, आत्ता बघेल. पण हवेत हात तरी किती वेळ धरायचा बाबा?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू यंत्राचं नाव सांगितलंस. म्हटलं, याला आत्ता तेवढा आधार हवा असेल, तर असू दे."

ताईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्याने विचारलं, "चहा कोण आणतंय?"

अंतिम फेरीला शिष्याने नवाच लॅपटॉप नेला. चांगलं यंत्र हाताशी असताना मुद्दाम जुनं नेण्यात काही पुण्य नाही, असं मास्तरच म्हणाले. जुना पिशवीत घेतला, नवा बंद पडला तर असावा म्हणून. शिष्याची भीती काही पळून गेली नव्हती. निघताना कोपऱ्यावरून परत येऊन त्याने कुलूप ओढून बघितलंच होतं. फक्त घाबरलेले डोळे आता योग्य ठिकाणी लागले होते.

ताईंचा श्वास आत गेला आणि थांबला. बोट खाली गेलं. अंधारात बसलेल्या त्या एवढ्या लोकांत कुणी खोकलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने मागच्या रांगेतून एका बाईच्या हुंदक्याचा आवाज आला. तो लॅपटॉपमधला नव्हता.

म्हणून एखादी गोष्ट आपण पुन्हा पुन्हा मोजू लागलो, की जरा थांबून स्वतःला विचारावं: आपण शोधतोय ते उत्तर, की आपल्या बाजूने बोलणारा कुणी?