मस्टरवरची सही

पर्यावरण वाचवण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण ऑनलाइन होतं. पण मस्टरवर सही हवीच, म्हणून वाघचौरे साहेबांनी सगळ्या तालुक्यांतले चाळीस कर्मचारी जिल्ह्याच्या हॉलमध्ये बोलावले. रोज जीपगाड्या भरून माणसं यायची आणि एसीत बसून पडदा बघायची. गुडघेदुखीने बेजार झालेल्या कारकून मालनबाई शेडगे पहिल्या दिवशी आल्या; पुढचे दोन दिवस त्यांनी घरीच मोबाइलवर प्रशिक्षण पाहिलं.

साहेब कडाडले, "दांडी मारता? वेतनवाढ रोखीन!"

"साहेब, विनाकारण गाडी काढू नका, हे पहिल्याच दिवशी शिकवलं. मला ते तेव्हाच पटलं," मालनबाई शांतपणे म्हणाल्या. "जे तिन्ही दिवस गाडीने आले, त्यांचं प्रशिक्षण मात्र पुन्हा घ्यावं लागेल."

साहेबांनी मस्टर पुढे ओढलं आणि मालनबाईंची दोन्ही दिवसांची हजेरी लावली.