अनसाक्कानं माग काढलेली बातमी

खैरवाडीत अजून शाळा नव्हती आणि देवीच्या रोगाचं नाव घ्यायलाही बाया कचरत, त्या काळची ही गोष्ट. अनसाक्का नावाची कासारीण तेव्हा गावोगाव बांगड्या भरत फिरायची. तिच्या बोचक्यात अर्ध्या बांगड्या, अर्धी पुस्तकं. हात भरून होईपर्यंत समोरच्या बाईला ती एक अक्षर शिकवायची. ती निघाली की तिची किणकिण पुढच्या गावाला ऐकू यायची, असं म्हणतात.

एका वर्षी शेजारच्या गावात देवीची साथ आली. देवीची लस टोचणारा सरकारी माणूस खैरवाडीत आला, पण सगळी दारं बंद. टोचलेली पोरं आंधळी होतात, ही बातमी त्याच्याआधीच पोचली होती. ठकूबाई लेकीला, सोनीला, पोटाशी धरून उंबऱ्यात बसली होती. टोचावं तर डोळे जातील, न टोचावं तर पोरच जाईल. टोचणारा तर दिवेलागणीला निघणार होता. तेवढ्यात अनसाक्का बोचकं घेऊन दारात आली.

"अक्का, काय करू गं?"

"डोळे जातात, हे तुला कुणी सांगितलं?"

"पारूवहिनीनं."

"चल, तिलाच विचारू."

पारूला तेलिणीनं सांगितलं होतं, तेलिणीला कुंभारणीनं. दर दारी बातमी लहान होत गेली. आधी गावभरची पोरं आंधळी, मग चार, मग एकच. मागून सारं गाव चालत होतं, पण पाऊल वाजत नव्हतं, असं म्हणतात. शेवटी नदीवर धुणं धुणारी चिमा म्हणाली, "मला तर या ठकूनंच सांगितलं."

ठकू चक्रावली. बहिणीचं पोर टोचल्यावर तापानं दिवसभर डोळे मिटून पडलं होतं, एवढंच ती बोलली होती.

"आणि दुसऱ्या दिवशी?" अक्कानं विचारलं.

"चिंचेवर चढलं होतं."

"ते नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही."

अक्कानं पुस्तक उघडून वाचलं, टोचल्यावर ताप येतो आणि उतरतो. ठकूचा गोंधळ आणखीच वाढला. "हेही कुणीतरी सांगितलेलंच ना?"

"हो. पण हे लिहिणाऱ्यानं पुस्तकावर आपलं नाव घातलंय. चुकला तर धरता येईल."

ठकूला पुरतं पटलं नाही. तरी तिनं सोनीचा दंड पुढे केला. ताप चढला तेव्हा ती पुन्हा घाबरली. उतरला तेव्हा मात्र दारोदार फिरून तेही सांगून आली. साथ खैरवाडीच्या शिवेवरूनच परतली, असं म्हणतात.

आज तिथं अनसाक्का वाचनालय आहे. कुणी बातमी आणली, की त्याला पायरीवर बसवून पाणी देतात, कुणी सांगितलं ते विचारतात आणि दोघंजण त्याच्याबरोबर माग काढायला निघतात. कधीकधी माग लागत नाही. मग बातमी पायरीवरच सोडून सगळे आत वाचायला जातात.