हट्टी गेट

एकदा एका वृद्ध गुरुजींना घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक वाद्ये घडवण्याचा नाद लागला. नाद तो इतका, की घरात बिस्किटांचा एकही डबा बिस्किटांसाठी उरला नाही. प्रत्येकात तारा आणि सुटे भाग, बाहेर एक खुंटी, आणि ती पिळली की आतून भुंग्यासारखा सूर. त्यांची एकच शिष्या होती. तानपुऱ्यावर वाढलेली आणि कमालीची आज्ञाधारक. गुरुजींनी भर दुपारी ‘संध्याकाळ झाली’ म्हटले, तर ही दिवा लावायला उठायची.

एके दिवशी संध्याकाळच्या बैठकीत दोघे हे डबे प्रथमच एकत्र वाजवणार होते. दोघांच्या डब्यांचे सूर लॉजिक गेट नावाच्या एका छोट्या चिपमध्ये शिरून एक होणार होते. पण शिष्या सकाळपासून आपल्या डब्याशी झटत होती. तिचा सूर गुरुजींच्या सुराशी जुळेचना. खुंटी पिळून जुळवून आणावा, तर डबा जरा तापला की पुन्हा केसभर सरके, आणि स्पीकरमधला आवाज हेलकावे खाऊ लागे.

शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, “गुरुजी, तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा कशा एकजीव होतात! तसा माझा सूर लागत नाही. तुम्ही एकटेच बसा आज. माझ्यामुळे तुमची बैठक बिघडायला नको.”

गुरुजींनी तिच्या डब्याची तार गेटमधून उपटली. मग त्यांनी स्वतःच्याच डब्यातून दुसरी तार काढून त्या रिकाम्या जागी खोचली.

स्पीकर मुका झाला.

“बिघडलं का हो?”

“छे गं! तुला हवं तेच केलं. दोन्हीकडे तंतोतंत एकच सूर. डब्याचा सूर म्हणजे तारेतून भराभर येणारं ‘हो-नाही, हो-नाही’. आणि हे गेट मोठं हट्टी आहे. एक तार ‘हो’ म्हणते आणि दुसरी ‘नाही’, तेव्हाच ते बोलतं. दोघी एकदम ‘हो’ म्हणाल्या की गप्प, दोघी ‘नाही’ म्हणाल्या तरी गप्प. तानपुऱ्याचा धर्म निराळा, याचा निराळा. पोरी, इतकी वर्षं तू माझ्या सुरात सूर मिसळत आलीस. मला ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण माझाच सूर ऐकायला मी एकटा पुरेसा आहे. मला शेजारी तू हवीस.”

शिष्येने डोळे पुसले आणि आपली तार पुन्हा जागेवर लावली. तोच हेलकावा परत आला. सकाळपासून जो तिला चूक वाटत होता, तो आता देवळातल्या घंटेच्या उरलेल्या नादासारखा खोलीभर फिरू लागला.

गुरुजी खुशीत आले. सवयीने त्यांचा हात तिच्या डब्याच्या खुंटीकडे गेला. “थोडा वर घेऊ का?”

“नाही,” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. मग हळूच हसली. “राहू द्या, गुरुजी. मला असाच आवडतो.”

गुरुजींनी हात मागे घेतला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेला तो पहिला नकार होता, आणि बैठकीला निघेपर्यंत म्हातारा तो मनाशी पुन्हा पुन्हा घोळवत राहिला.