तहानेचं प्रकरण

“मग तिला विष का पाजलंत?” मन्मथने विचारलं.

केदारेश्वरबाबूंनी हुक्क्याची नळी बाजूला ठेवली. बंगालीत कादंबरी म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांनी ती लिहिली होती. नायिका म्हणून विधवा आणली होती. आणि शेवटी मारली होती.

“लोकांना भ्यालो,” म्हातारा म्हणाला.

मन्मथची भांडणाची सगळी तयारी वाया गेली. तो सकाळच्या गाडीने कलकत्त्याहून चुंचुड्याला आला होता, आणि बंगालमधलं धैर्यही त्याच डब्यातून आलं अशी त्याची समजूत होती.

“माझी विधवा मरत नाही. बंड करते. तुमच्या मासिकात छापाल?”

“वाच.”

त्याने एकादशीचं प्रकरण काढलं. त्या दिवशी विधवेला पाण्याचा थेंबही वर्ज्य. वैशाखातली दुपार, कोरडी जीभ, समोर भरलेला माठ... कलकत्त्यात हे ऐकून चांगले मुरलेले वकील रडले होते.

वाचता वाचता त्याचा घसा सुकला.

“जरा पाणी मिळेल?”

“मा...” बाबूंनी आत हाक मारली. मुलीला ते मा म्हणत. नवरा गेल्यावर क्षेमा माहेरी परतली होती. एवढ्या मोठ्या घरात आता ही दोघंच.

बिनकाठाच्या पांढऱ्या लुगड्याचा पदर पुढे ओढून ती आली. मन्मथने कागदावरची नजर न काढता पेला घेतला, रिकामा केला, परत दिला आणि पुढे वाचू लागला. ती आत गेली.

“थांब,” बाबू म्हणाले. “आज तिथी कोणती?”

मन्मथने कागदावरून नजर उचलली. आतल्या दाराचा पडदा अजून हलत होता.

“एकादशी,” तो शेवटी म्हणाला.

बाबूंनी मान डोलावली.

“हे प्रकरण... मी फाडून टाकतो.”

“कशाला? चांगलं उतरलंय. पुढच्या अंकात घेतो.”

ज्यासाठी आला होता ते मिळालं होतं. पण मन्मथला उठून निघता येईना.

“मी आता काय करू, बाबू?”

म्हाताऱ्याने नळी पुन्हा तोंडाला लावली. हुक्का केव्हाच विझला होता.

“आत जा. तिला विचार, पाणी हवं का...”

मन्मथ उभा राहिला. बाबूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मला अजून विचारता आलेलं नाही.”