चित्रापाशी फोन गप्प

"मग हे चित्र मजकूर धरू, की नुसती शोभा?"

सौमित्रनं पुन्हा विचारलं. मठाचं सगळं पाहणाऱ्या आक्का तांदूळ निवडत राहिल्या.

मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट त्यानं केल्या होत्या. नदीकाठच्या या लहानशा मठाची वेबसाइट म्हणजे त्याच्या हातचा मळ! ज्यांना दिसत नाही त्यांना फोन पान वाचून दाखवतो, हेही त्याला पाठ होतं. चित्राला अर्थ असेल तर त्याला शब्द द्यायचे. शोभेचं असेल तर फोननं मुकाट पुढं जायचं.

अडलं ते एका पानावर. मठात जन्मभर भजन गायलेले भानुदासबुवा नुकतेच गेले होते, त्यांच्या आठवणीचं पान. वर चित्र एकच. भिंतीला टेकवलेला बुवांचा तंबोरा.

"काढून टाकलं तरी माहिती कुठली कमी होत नाही, आक्का. म्हणजे शोभाच."

"येसूला ऐकव."

येसूबाई बुवांच्या पत्नी. जन्मापासून दृष्टी नाही. त्या चाचपडत येऊन बसल्या. फोन वाचू लागला. नाव, गाव, गुरू... चित्रापाशी गप्प राहून पुढं गेला.

"छान लिहिलंस," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं एकही चित्र नाही का रे लावलं?"

सौमित्र चपापला. मांडीवरच्या लॅपटॉपवर त्यानं घाईघाईनं शब्द घातले.

"बुवांचा तंबोरा, भिंतीला टेकवलेला," आता फोन बोलला.

"तारा चढवलेल्या आहेत की उतरवलेल्या?"

त्यानं वाकून पाहिलं. इतके दिवस चित्र डोळ्यांसमोर होतं, पण तारांकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

"उतरवलेल्या आहेत, काकू."

"म्हणजे त्यांनीच ठेवलेला... गाऊन झालं की उतरवायचे."

येसूबाईंनी पदर तोंडाला लावला.

सौमित्रला वाटलं, सुटलं एकदाचं कोडं. मजकूरच हा! भजनाच्या वेळांच्या पानावरही हेच चित्र होतं. तिथंही त्यानं शब्द घातले, तारांसकट, आणि हौसेनं फोनला वाचायला लावलं.

"बुवांचा तंबोरा, भिंतीला टेकवलेला, तारा उतरवलेल्या..."

"अरे, हे मधेच कशाला?" येसूबाई वैतागल्या. "उद्या भजन किती वाजता, तेवढं सांग की!"

सौमित्र पार गोंधळला. चित्र तेच. ऐकणारी बाई तीच. मघाशी रडली ती, आणि आता...

"आक्का, मग नियम तरी काय धरायचा? मला काहीच कळेनासं झालंय."

आक्कांनी ताट खाली ठेवलं. त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला आणि येसूबाईंकडे तोंड करून ठेवला.

"आक्का... त्यांना दिसत नाही."

"तुला ती दिसते ना?... मग मला काय विचारतोस?"