बरणीबाहेर आलेलं मीठ

एका वृद्ध कुंभाराकडे एकदा एक शिष्य आला. शहरात राहून तो झिलईचं शास्त्र शिकला होता. कोणती भुकटी किती घ्यावी, भट्टीत ती वितळून भांड्यावर काचेसारखा थर कसा धरते, सारं त्याला मुखोद्गत. हात असा देखणा की बघत राहावं. फक्त गुरूंच्या ओढ्याकाठच्या तांबड्या मातीला तो जरा नाक मुरडायचा.

त्याने आपल्या झिलईच्या चाळीस बरण्या भाजल्या, लोणच्यासाठी. काय तो मधासारखा रंग! भट्टीतून काढल्यावर दोन दिवस त्या टिणटिण वाजत राहिल्या आणि अंगावर केसाहून बारीक रेषांचं जाळं उमटलं. एक व्यापारी आला, तो त्या जाळ्यावरच भाळला. "चाळीसच्या चाळीस माझ्या," तो म्हणाला. शिष्याची छाती फुगली. या बरण्यांवरच त्याचं नाव होणार होतं.

गुरूंनी मात्र हात जोडले. "शेटजी, आठ दिवसांनी या."

आणि तो गेल्यावर त्यांनी काय करावं? सर्वांत सुंदर बरणी उचलली, गळ्यापर्यंत मिठाचं पाणी भरलं आणि ओट्यावर ठेवून दिली. शिष्य धुसफुसला. म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं; खोटं कशाला सांगू?

आठव्या दिवशी सकाळी बरणीच्या बाहेरच्या अंगावर काहीतरी पांढरं जमलेलं दिसलं. शिष्याने बोट लावून चाखलं. मीठ. वर्षभराचं लोणचं भरून ठेवणाऱ्या चाळीस घरच्या बायका त्याच्या डोळ्यांपुढे आल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझी झिलई वाईट निघाली, बाबा," तो कसाबसा म्हणाला. "की ही मातीच वाईट? सांगा, मी लांबून पांढरी माती आणवतो."

"झिलई उत्तम आहे. मातीही उत्तम आहे," गुरू म्हणाले. "भट्टी निवताना दोघी आकसतात. तुझी झिलई जास्त आकसते, माती कमी. मग झिलई ताणली जाते आणि तडकते. ते टिणटिण ऐकलंस ना? ती तडकत होती, आणि त्याच भेगांतून मिठाचं पाणी झिरपलं. मला तेव्हाच कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू माझ्याशी वाद घातला असतास. मिठाशी कोण वाद घालणार?"

शिष्याने मान खाली घातली. आपण काय काय मनात आणलं होतं, ते आठवून त्याला शरम वाटली. त्याने विचारलं, "मग आता बदलायचं कुणी?"

"माती ओढ्याने शेकडो वर्षं वाहून आणली आहे. तिला काय सांगशील? झिलई तू परवापरवा कालवलीस. ज्याला बदलता येतं, त्याने आधी बदलावं. झिलईतला सोडा कमी कर, गारगोटी दळून थोडी वाढव. मग ती मातीच्या बरोबरीने आकसेल."

एवढ्यात व्यापारी आलाच. गुरू काही बोलण्याआधी शिष्य पुढे झाला.

"शेटजी, या बरण्यांत लोणचं टिकायचं नाही. मी अजून इथल्या मातीला ओळखत नाही. ओळख झाली की स्वतः बोलावीन."

व्यापारी चडफडत निघून गेला. चाळीस बरण्या तिथेच राहिल्या आणि शिष्याला, कधी नव्हे ते, आपण कुंभार झाल्यासारखं वाटलं.