टाकीवाल्या सालूबाईची हाक

“विचारील त्याला खरं सांग, सालू. कुणी नाही विचारलं तर नुसतं नीट वाग. पण विचारल्यावर तोंड फिरवू नकोस.”

शांतवनबुवांचे हे शब्द सालूबाईच्या कानांत सारखे घोळत.

बुवा तेव्हा गोदाकाठच्या कुंभारखडीत होते. नाताळाआधीचे चार आठवडे त्यांचा मुक्काम दरवर्षी तिथेच. अंगात जाडाभरडा अंगरखा, हातात चिपळ्या, मुखी प्रभू येशूचे नाव. प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर घोंगडी टाकायची आणि मिळालेली भाकरी येईल त्याच्याबरोबर वाटून खायची. असे हे आपले बुवा!

सालूबाई तिथलीच, जात्यांना टाकी लावी. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला की दाणे नीट भरडत नाहीत. मग छिन्नी-हातोडीने तो पुन्हा खरखरीत करावा लागतो. “टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ!” तिची आरोळी तीन आळ्या ऐकू जाई. पण प्रभूचे नाव मात्र ओठांच्या आतच. दर घावागणिक ती ते पुटपुटे, आणि कुणी जवळ आले की गप्प होई.

नदीपलीकडच्या पळसगावात यमुनाकाकू होत्या. लेक गेल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. एके दिवशी सालू त्यांच्या अंगणात टाकी मारीत असताना त्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.

“काय गं पुटपुटतेस? कुणाचं नाव घेतेस? तू इथं बसलीस ना, की माझ्या जिवाला जरा बरं वाटतं. मलाही सांग की.”

सालूच्या मनात आले, लोक काय म्हणतील? उद्या या गावची दारे बंद झाली तर? ती पटकन म्हणाली, “काही नाही काकू, घाव मोजते.”

काकूंचा चेहरा उतरला. “असं होय,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

सालूने रडत रडत हे बुवांना सांगितले. बुवा रागावले नाहीत. म्हणाले, “प्रभूंचा शिष्य पेत्रसुद्धा शेकोटीपाशी असाच भ्याला होता, ‘मी त्यांना ओळखत नाही’ म्हणाला होता. प्रभूंनी त्याला टाकलं का? जा, खरं सांगून ये.”

“जाईन बुवा. वचन देते.”

वचन दिले खरे. पण पाय निघेना. आज उद्या करता करता आठ दिवस गेले, आणि एका सकाळी सालूचा आवाजच गेला! मीठपाणी झाले, ज्येष्ठमध झाला, पण घशातून फक्त वारा यायचा. त्यात निरोप आला की काकू अंथरुणाला खिळल्या आहेत. सालूला घास गोड लागेना. आपण नाव लपवले म्हणून देवाने वाचा काढून घेतली, असे तिच्या मनाने घेतले.

बुवांनी ते तिच्या तोंडावर वाचले. “प्रभू कुणाचा गळा दाबत नसतात गं वेडे,” ते म्हणाले.

आनंदराव मास्तर शेजारीच उभे होते. शास्त्र तोंडपाठ, गळा गोड, आणि त्या दोहोंचा ताठा मोठा. ते हसून म्हणाले, “काय टाकीवाली, सुवार्ता सांगणार म्हणे तू! आधी आवाज तर फुटू दे. बुवा, काम माणूस बघून द्यावं. उद्या मीच जातो पळसगावला. चार पदं म्हणतो, म्हातारीला कळेल तरी.”

ओसरीवरची मंडळी खो खो हसली. सालूने पदर तोंडावर ओढला. बुवा मात्र हसले नाहीत.

मास्तर गेले आणि रात्री तिकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नावेने परत निघाले, नाव मध्यावर आली तोच नदीवर असे धुके उतरले की हात लांबवला तर बोटे दिसेनात. प्रवाहाच्या खालच्या अंगाला बंधारा, त्यावरून पाणी धो धो कोसळणारे. “अहो, कुणी आहे का? काठ कुठंय?” मास्तरांचा आवाज धुक्यातून आला, आणि तो बंधाऱ्याच्या बाजूला सरकत होता!

कुंभारखडीच्या काठावर एकच गलका उडाला. दहा जण दहा ठिकाणांहून ओरडू लागले. मास्तरांची बायको ऊर बडवू लागली. कुणी मंदिराची घंटा बडवली. नावाड्याला चहूकडून आवाज येई. वल्हे मारायचे कुठे?

बुवांनी हात वर केला. “सगळे गप्प! हाक एकाच ठिकाणाहून जाऊ द्या. सालू, ये पुढं.”

सालू पुढे आली. तिने नुसतीच मान हलवली आणि घशाला हात लावून दाखवला.

“ठाऊक आहे मला. तरी हाक मार.”

‘काय म्हणू?’ तिचे ओठ हलले.

“घाव मोजताना म्हणतेस तेच.”

अवघा गाव तिच्याकडे बघत होता. सालूने डोळे मिटले. तोंड उघडले, पहिल्यांदा वाराच आला. दुसऱ्यांदाही वाराच. आणि तिसऱ्यांदा, काय सांगू बायांनो, कातळ फुटून झरा निघावा तसा तिचा आवाज फुटला!

“येशूऽऽ, प्रभू येशूऽऽ!”

सूर तोच टाकीच्या आरोळीचा, लांब आणि सरळ. शब्द तेवढा निराळा. ती थांबली नाही. हाकेमागून हाक. हळूहळू वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज जवळ येऊ लागला, आणि धुक्यातून नावेचे नाक बरोबर तिच्या पायांशी येऊन टेकले.

मास्तर चिखलात उतरले ते सरळ बुवांकडे धावले. बुवा बाजूला सरले. “माझ्याकडं काय येता? हाक कुणाची होती?”

मास्तरांची मान खाली गेली. सालूपुढे हात जोडून ते वाकले.

“बाई, मला क्षमा करा. काल चार पदं म्हटली मी. काकूंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘टाकीवाली कधी येईल?’ हे मी तुम्हाला सांगणारही नव्हतो.”

सालूने बुवांकडे पाहिले. बुवांनी नुसत्या चिपळ्या छातीशी धरल्या.

उन्हे वर आली, धुके विरू लागले. सालू घरी गेली, छिन्नी-हातोडीची पिशवी खांद्याला अडकवून परत आली आणि नावेत जाऊन बसली.

“कुठं, बाई?” नावाड्याने विचारले.

“पळसगावला,” ती म्हणाली. “यमुनाकाकूंना एक नाव सांगायचं राहिलंय.”